बोलायला शिकवायचं तर परीक्षाही बोलण्याचीच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेलं वर्षभर आपल्या पेपरात परदेशी भाषांबद्दल सारखं काही ना काही येतंय. जर्मनीला नर्स हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत, जपानला म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारे हवेत, भाषा शिका आणि जा. 2024 मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, 10 हजारांचा आकडा सगळीकडे छापून आला, आणि तेव्हापासून चौकशीला येणारे पालक खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, किती महिन्यांत बोलायला लागेल?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आपण वर्गात शिकवतो काय, परीक्षेत विचारतो काय आणि पोरांना तिकडे जाऊन करायचंय काय, या तिन्हीचा एकमेकांशी मेळच नाहीये, आणि त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

मी पुण्यात 19 वर्षं जर्मन शिकवतेय, सकाळी ज्युनिअर कॉलेजला आणि संध्याकाळी मोठ्यांची बॅच. मागच्या जूनमध्ये संध्याकाळच्या ए2 च्या, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या, बॅचला एक मुलगी आली. बारावीला जर्मनमध्ये 100 पैकी 94. मी नेहमीसारखं पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं, "वास हाबेन झी आम वोखेनएन्डे गेमाख्ट?", म्हणजे शनिवार-रविवारी काय केलंत. तिची पाळी आली तशी ती उभी राहिली (उभं राहायची गरज नव्हती, सवयीने राहिली), वर पंख्याकडे बघितलं, ओठ हलत होते, मनात काहीतरी जुळवत होती, मला दिसत होतं की भूतकाळात हे क्रियापद 'हाबेन' हे साहाय्यक क्रियापद घेतं का 'झाइन' घेतं हे ती ठरवतेय, मग ते शेवटी टाकायचंय, मग त्याला 'गे' लागतो का नाही, आणि तोपर्यंत सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. शेवटी हळूच मराठीत म्हणाली, "मॅडम, लिहून देऊ का?"

दिलं लिहून. 8 वाक्यं, एकही चूक नाही, क्रियापदांखाली पट्टीने रेघा मारलेल्या. 94 तिने मेहनत करूनच मिळवले होते. तिला दोन वर्षांत जे जे विचारलं गेलं ते सगळं तिला येत होतं, फक्त समोरच्या माणसाने प्रश्न विचारल्यावर तोंडाने उत्तर दे, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल की तोंडी परीक्षा असते की. असते. लेखीला 80, तोंडीला 20. पण ती होते कशी ते आमच्यातल्या कुणालाही विचारा. महिनाभर आधी दहा-पंधरा प्रश्नांची झेरॉक्स वाटली जाते, तुझं नाव काय, कुठे राहतोस, घरी कोण कोण, छंद काय. पोरं ती उत्तरं पाठ करतात, एकेक जण टेबलासमोर येतो, दोन मिनिटांत गाडी सोडल्यासारखी उत्तरं सोडतो आणि जातो, बाहेर पुढची वीस जणं उभी असतात. मी एकदा मुद्दाम प्रश्नांचा क्रम बदलला तर एका मुलाने राहण्याच्या जागेच्या प्रश्नाला वडिलांचा व्यवसाय सांगितला. तो गोंधळला नव्हता, तो तिसऱ्या नंबरचं उत्तर देत होता. आणि मार्कांचं म्हणाल तर फार वर्षांपूर्वी एका कॉलेजात मला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितलं गेलं की 18 च्या खाली कुणालाच नको, निकाल खाली येतो. मी नवीन होते, सही केली. त्या यादीत एक मुलगा होता जो खरोखर छान बोलायचा, त्याला 19 आणि ज्याने तोंडच उघडलं नाही त्याला 18, आणि हे आजही आठवलं की मला वाईट वाटतं कारण त्या छान बोलणाऱ्याला आपण सांगितलं की तुझ्या बोलण्याची किंमत एक मार्क.

हे फक्त परदेशी भाषांचं नाही. 2019 ची दहावी आठवा, त्या वर्षी भाषांचे शाळेच्या हातातले 20 मार्क काढून टाकले होते आणि निकाल 77.10 टक्के लागला, आदल्या वर्षी 89.41 होता. सगळा फरक त्या 20 मार्कांचाच असं मी म्हणत नाही, पण त्यावर केवढा गहजब झाला आणि पुढच्या वर्षी ते मार्क परत आले. परत आले ते चांगलंच झालं, बोलण्याला मार्क हवेतच. पण त्या सगळ्या चर्चेत ते मार्क कसे द्यायचे, मुलाला नेमकं काय करायला लावून द्यायचे, याबद्दल मी एक ओळ वाचल्याचं आठवत नाही. तोंडीचे मार्क म्हणजे हातचे मार्क हे आपण सगळ्यांनी मनोमन मान्य करून टाकलंय.

तिकडच्या परीक्षा बघा. युरोपात भाषांच्या ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या आहेत, 2001 मध्ये कौन्सिल ऑफ युरोपने त्या मांडल्या, त्यात व्याकरणाच्या याद्या नाहीत तर 'हा माणूस अमुक करू शकतो' अशी वाक्यं आहेत. दुकानात किंमत विचारू शकतो, ओळख करून देऊ शकतो, न समजल्यास पुन्हा विचारू शकतो. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए1 परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारींना सारखेच 25-25 मार्क आहेत, आणि बोलण्याच्या भागात टेबलाभोवती तीन-चार परीक्षार्थी बसतात, कार्डं उचलतात आणि एकमेकांना विचारतात. कार्डावर समजा विषय 'खाणंपिणं' आणि खाली एकच शब्द 'नाश्ता', तर तुम्ही शेजारच्याला नाश्त्याबद्दल काहीतरी विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं. पाठ करून जाताच येत नाही कारण कार्ड कुठलं येईल माहीत नसतं आणि शेजारचा काय बोलेल तेही माहीत नसतं. ए1 ला निदान चारही मिळून 60 झाले की पास होता येतं, म्हणजे बोलण्यात कच्चा असला तरी बाकीचे तीन भाग त्याला ओढून नेतात. पण बी1 ला गेलात की चार वेगळे विभाग आणि प्रत्येकात स्वतंत्र 60 हवेत, आणि बोलण्याच्या विभागातलं पहिलंच काम म्हणजे दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, आजारी मित्राला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं, कोण काय करणार. आमची 94 वाली पोरं नेमकी इथे अडकतात. आणि नर्सिंगची पदवी तिकडे मान्य करून घ्यायची तर साधारण बी2 लागतं, म्हणजे आणखी एक पायरी वर.

जपानीचं दुखणं वेगळं. पुण्यात जपानी शिकणारे केवढे आहेत ते सगळ्यांना माहितीये, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचं सेंटर आपल्याकडे आहे, पण त्या परीक्षेत सगळ्यात खालच्या एन5 पासून सगळ्यात वरच्या एन1 पर्यंत कुठेच बोलण्याचा भागच नाही, सगळं पर्याय निवडायचं. परीक्षा वाईट नाही, वाचन आणि ऐकणं ती कसून तपासते. पण त्यामुळे क्लासही तेवढंच शिकवतात. माझी जपानी शिकवणारी मैत्रीण सांगते की एन3 पास झालेला मुलगा इंटरव्ह्यूला जपानी माणसासमोर बसला की "हाय, हाय", म्हणजे 'हो, हो', करत राहतो. जे परीक्षेत नाही ते वर्गात नसतं, दोन्हीकडे तेच.

आता मी काय करते ते सांगते, कारण नुसती तक्रार करून काही होत नाही आणि हे करून बघायला पैसे लागत नाहीत.

नवीन युनिट सुरू करायचं असलं की मी आदल्या रविवारी आधी परीक्षेचं कार्ड लिहिते, मग तास आखते. समजा युनिट रेल्वे स्टेशनचं आहे. पुस्तकात त्यात वेळ सांगणं, अंक, अंतराची चित्रं, शब्दयोगी, तुलना, एक गाणं असं सगळं आहे. मी एका कार्डावर लिहिते: तुम्ही श्टुटगार्टला आहात, उद्या सकाळी 10 च्या आत हाइडेलबर्गला पोचायचंय, बरोबर सायकल आहे, पैसे बेताचे आहेत. दुसऱ्या कार्डावर तिकीट खिडकीवाल्यासाठी: तीन गाड्या, सुटायची-पोचायची वेळ, भाडं, प्लॅटफॉर्म, कुठल्या गाडीत सायकल घेतात. (ही कार्डं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर करते, जाड असतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि पोरं मागे छापलेल्या नवऱ्या-नवरीची नावं वाचत बसतात ते वेगळं.) ही दोन कार्डं समोर ठेवून मग मी विचार करते की हे बोलणं पार पाडायला पोराला काय काय लागेल. वेळ विचारता यायला हवी, ऐकलेला आकडा कळायला हवा, 'सायकल नेता येईल का' हे विचारता यायला हवं, 'स्वस्त' आणि 'जास्त स्वस्त' यायला हवं, आणि खिडकीवाल्याने "आइनफाख ओडर हिन उंड त्सुर्युक?" म्हणजे एकेरी का जाऊन-येऊन असं विचारलं की बावचळून जायला नको. एवढंच. मग चार-पाच तासिका त्याच्याच. पुस्तकातलं बाकीचं मी फेकून देत नाही, गृहपाठाला जातं, पुढच्या युनिटला जातं, पण त्या आठवड्यात शब्दयोगींचा अख्खा तक्ता फळ्यावर लिहायचा मोह मी आवरते, आणि खरं सांगते, हा मोह आवरायला मला सात-आठ वर्षं लागली, कारण तक्ता लिहिला की शिकवल्याचं समाधान मिळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खिडकीवाल्याच्या कार्डाच्या खाली मी एक ओळ घालते जी दुसऱ्याला माहीत नसते. 'ही गाडी आज रद्द आहे', नाहीतर 'भाडं चुकून कमी सांगा आणि मग दुरुस्त करा', नाहीतर 'खूप जलद बोला'. ही ओळ मी पहिली काही वर्षं घालत नव्हते. तेव्हा काय व्हायचं, दोघं मिळून दोन्हीकडचे संवाद पाठ करायचे आणि गॅदरिंगला नाटुकलं करतात तसं म्हणून दाखवायचे, ऐकायला फार गोड, पण त्यात कुणी कुणाचं ऐकतच नव्हतं. पाठांतराला मी नावं ठेवत नाही हं, पाढे पाठ करून वाढलेली माणसं आपण, शब्द पाठ हवेतच, 'मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का' असली वाक्यं तर झोपेत उठवलं तरी यायला हवीत. पण गाडी रद्द आहे म्हटल्यावर मूल क्षणभर थांबतं, डोळे मोठे करतं, आणि मग मोडकंतोडकं का होईना "दुसरी गाडी... कधी?" असं विचारतं, ते त्याचं पहिलं खरं जर्मन वाक्य असतं.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, प्रा. एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांमधून त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला, आधी व्याकरण शिकवून मग वापर असं नाही तर थेट कामं द्यायची, वेळापत्रक वाचून गाडी ठरवा, नकाशा बघून रस्ता सांगा, आधी एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर करायचं आणि मग तसंच दुसरं मुलांनी आपापलं. जगभर भाषा शिकवणारे आजही त्याचा दाखला देतात आणि आपल्याकडे बीएड झालेल्यांनाही ते नाव बरेचदा माहीत नसतं. त्यांचा एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, की निम्म्या वर्गाला निम्मं तरी काम जमलं पाहिजे, त्याहून कमी जमलं तर कामच चुकीचं निवडलंय. एका बाबतीत मी त्यांचं ऐकत नाही, त्यांचा मुलांच्या जोड्या-गटांवर फारसा भरवसा नव्हता, मुलं एकमेकांची चुकीची भाषा उचलतील म्हणून. मला ती भीती पटते पण माझ्या वर्गात 40 जण असतात आणि तासिका 45 मिनिटांची. हजेरी, गृहपाठ, माझं बोलणं यात 30 गेली आणि उरलेल्या 15 मिनिटांत एकेकाला बोलवलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 22 सेकंद येतात. तेच 15 मिनिटं जोड्या लावल्या तर प्रत्येकाला 7 मिनिटं. बावीस सेकंदांत कुणी बोलायला शिकत नाही. चुका होतात, मान्य, पण मी फिरत असते, छोट्या वहीत चुका टिपते, कुणाला मध्ये तोडत नाही, आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत नावं न घेता पाच-सहा वाक्यं फळ्यावर लिहिते आणि वर्गच ती दुरुस्त करतो.

आणि व्याकरण? पालकांची ही मोठी काळजी, की गप्पाच मारत बसलात तर व्याकरणाचं काय. उलट आहे. गरज पडल्यावर शिकवलेलं व्याकरण चिकटतं, आणि मराठी माणसाला तर जर्मन व्याकरण घरचं वाटावं अशी परिस्थिती आहे फक्त आपण ते इंग्रजीतून शिकवून अवघड करून ठेवतो. परवाचंच सांगते. डॉक्टरकडे जायचं युनिट चालू होतं, एका मुलाला 'थंडी वाजतेय' म्हणायचं होतं, तो इंग्रजीवरून "इश बिन काल्ट" म्हणाला, त्याचा अर्थ मी थंड स्वभावाचा आहे असा काहीतरी होतो. मी विचारलं, मराठीत काय म्हणतोस? "मला थंडी वाजतेय." मी थंडी वाजतोय म्हणतोस का? नाही. मग जर्मन पण तेच म्हणतात, 'मला'. "मीर इस्ट काल्ट." मला चक्कर येतेय, "मीर इस्ट श्विंडलिश." मला हे आवडतं, "दास गेफेल्ट मीर." चतुर्थी विभक्ती पुस्तकात तीन पानं आहे आणि दर वर्षी पोरं तिथे रडतात, त्या दिवशी पाच मिनिटांत मागच्या बाकावरचे पण "मीर, मीर" करायला लागले. तसंच अंकांचं. जर्मनमध्ये 35 म्हणताना पाच आधी आणि तीस नंतर, इंग्रजी माध्यमाची मुलं ऐकून हमखास 53 लिहितात, पण पस्तीस म्हणणाऱ्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही, आपलंही पाच आधीच येतं. 'कारण मी आजारी आहे' यातलं 'आहे' शेवटी, "वाइल इश क्रांक बिन" यातलं 'बिन' पण शेवटी. माझ्या वर्गात मराठी माध्यमातून आलेली मुलं सुरुवातीला मागे बसतात, बिचकतात, त्यांना वाटतं इंग्रजीवाल्यांना जास्त येणार, आणि दोन-तीन महिन्यांत हेच चित्र बदलतं कारण लिहिलंय तसं वाचायची सवय त्यांना आहे. बोलण्याच्या वर्गात मराठी अजिबात नको असा जो काही ठिकाणी नियम असतो तो मला पटत नाही. दोन मिनिटं मराठीत सांगून जर पंधरा मिनिटं जर्मन मोकळं होणार असेल तर ती दोन मिनिटं द्यावीत.

मार्क कसे देते तेही सांगते कारण सगळे वाद तिथेच असतात. एका बोलण्याला 10 मार्क. काम झालं का, म्हणजे तिकीट मिळालं का, वेळ ठरली का, त्याला 4. समोरच्याला उच्चार कळले का, 2. शब्द आणि व्याकरण मिळून 2. आणि अडलं तेव्हा सावरलं का, "वी बिट्टे?" म्हणून परत विचारलं का, शब्द आठवला नाही तर हातवारे न करता दुसऱ्या शब्दांत सांगितलं का, त्याला 2. पूर्वी मी व्याकरणाला 5 ठेवले होते, तर व्हायचं काय की पोरं नामाच्या लिंगाप्रमाणे 'डेअर, डी, दास' मधलं कुठलं लावायचं या भीतीने गप्प राहायची, गप्प राहिलं की चूक होत नाही ना. हा कागद मी युनिटच्या पहिल्याच दिवशी वर्गात लावते. मुलांना कशाचे मार्क आहेत ते आधी माहीत असायला हवं, त्यात लपवायचं काय.

आणि वेळ? 40 मुलं एका दिवशी घ्यायची म्हटलं तर मरण आहे, मान्य. एकेकाला 5 मिनिटं धरली तरी 200 मिनिटं. म्हणून जोडीने घेते, एका जोडीला 8 मिनिटं, आणि रोज दोनच जोड्या, बाकीच्यांना तेवढा वेळ वाचनाचं काम दिलेलं असतं. दहा तासिकांत 20 जोड्या होतात. कुणाची पाळी कधी हे आधी सांगते, कार्ड मात्र तिथेच उचलायचं. जोडी चिठ्ठीने ठरते, मित्र-मित्र नाही. लाजाळू मुलांना मी आधी एकदा बिनमार्कांचं करून बघायला देते, काहींना दोनदा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड होतो, फक्त मार्कांपुरता, निकाल लागला की डिलीट. त्याचा फायदा असा की पालक भांडायला आले तर मी ऐकवू शकते, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे आम्ही तिघी शिक्षिका महिन्यातून एकदा बसून तीच तीन रेकॉर्डिंग्ज ऐकतो आणि आपापले मार्क लिहून मग उघड करतो. पहिल्यांदा एकाच मुलीला एकीने 5 आणि एकीने 9 दिले होते. तासभर बोललो तेव्हा कळलं की 5 वाली तिच्या उच्चारांवर अडली होती आणि 9 वाली तिने किती छान सावरलं त्यावर खूश होती. आता फरक एखाद-दुसऱ्या मार्काचा असतो. तोंडीचे मार्क मनाला येतील तसे असतात असं जे म्हटलं जातं त्यावर माझं म्हणणं एवढंच की असे बसा, ऐका, आणि मग सांगा.

पण हे सगळं माझ्यासारखी एखादी करते ती स्वतःच्या वेळात. परदेशी भाषा शिकवणारे आमच्यातले बरेच जण सीएचबीवर आहेत, तासाप्रमाणे पैसे, वर्गात उभं राहिलात तेवढेच. कार्डं करणं, जोड्या घेणं, रेकॉर्डिंग ऐकणं याचे तास कुठे धरले जात नाहीत. मग शिक्षक झेरॉक्स वाटणारच, आणि त्यालाही मी दोष देणार नाही, तो दुपारी दोन ठिकाणी स्कूटर मारत जातो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिकला जर्मन, जपानी, कोरियन, फ्रेंच अशा भाषा द्यायच्या म्हटलंय, आनंद आहे, पण भाषा वाढवताना तोंडी परीक्षेचे तास शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरा, एवढं तरी आधी करा. आणि तोंडीचं कार्ड न पाहिलेलं हवं, दोघांनी मिळून बोलायचं हवं, वर्षात निदान चार वेळा छोटं छोटं घेतलेलं हवं, शेवटी एकदाच दोन मिनिटांत उरकलेलं नको. 20 चे 40 करा असा माझा हट्ट नाही. 20 च राहू देत पण ते खरे असू देत.

त्या 94 वाल्या मुलीचं राहिलं. ती मूळची सांगलीकडची, नर्सिंग करतेय, तिला तिकडेच जायचंय. पहिले दोन महिने ती जोडीत पण कुजबुजायची. मी तिला सारखं रुग्णाचंच कार्ड द्यायचे, कारण रुग्णाला कमी बोलावं लागतं, आणि मग एका गुरुवारी मुद्दाम नर्सचं दिलं. समोरच्याच्या कार्डावर छुपी ओळ होती, 'मध्येच सांगा की चक्कर येतेय'. त्याने सांगितलं, मीर इस्ट श्विंडलिश. ती एक सेकंद थांबली, पंख्याकडे नाही बघितलं, खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, बसा, हळू, पाणी आणते. तीन छोटी वाक्यं, त्यातल्या एकात क्रियापद चुकीच्या जागी. मी 10 पैकी 9 दिले. 'सावरलं का' चे पूर्ण 2.

संपादकसाहेब, एक विनंती आहे. परीक्षा जवळ आल्या की तुमच्या शिक्षणाच्या पानावर सराव प्रश्नपत्रिका येतात, सगळ्या लेखी. यंदा त्यात आठवड्याला एक तोंडीचं कार्ड छापाल का, दोन बाजूंचं, कापून घेता येईल असं. जर्मनची मी करून देते, जपानी आणि फ्रेंचसाठी ओळखीतल्या शिक्षकांना विचारून ठेवलंय, ते तयार आहेत. मानधन नको.

आपली,
एक जर्मन शिक्षिका, पुणे